अर्जाला बांधलेले लाल दोरे

भिवंडीला कुणी हौसेने फिरायला जात नाही. मीही गेलो नव्हतो, मला पाठवलं होतं. परत आल्यावर कचेरीत ज्याने त्याने विचारलं, "काय, कापड आणलं का?" आणि शेजारच्या आजोबांनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायला गेलं की लांबतात, म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी मी कोण ते सांगतो. पुण्यातल्या एका लहानशा शैक्षणिक विश्वस्त संस्थेत मी पाहणी अधिकारी आहे. हुद्दा ऐकायला भारदस्त वाटतो. काम म्हणजे अनुदानासाठी आलेले अर्ज वाचायचे, त्यांतल्या त्रुटी काढायच्या आणि गरज पडली तर एसटीत बसून प्रत्यक्ष बघून यायचं. त्रुटी काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. घरी भाजीची पिशवी आली की बायको ती माझ्या नजरेआडच रिकामी करते, यावरून काय ते समजा.

ही गेल्या वर्षीची, एकोणनव्वद सालची गोष्ट. आमच्या संस्थेने शिक्षणातल्या नव्या यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं होतं. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी संगणक होता. ज्या शाळेत विजेचा दिवा नाही, तिनेही संगणक मागितला होता. त्या गठ्ठ्यात एक अर्ज भिवंडीचा होता. रेघी फुलस्केप कागदावर, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "आम्ही मागाच्या टाकाऊ सामानातून मुलांसाठी शिकवणीची पेटी तयार केली आहे. ती विजेशिवाय चालते." खाली दोन सह्या होत्या. विमल भोईर, शिक्षिका. याकूब, निवृत्त जॉबर.

आणि अर्जाच्या चार पानांना कडेला बारीक भोक पाडून लाल दोरा बांधलेला होता. प्रत्येक पानाला एक, नीट गाठ मारून.

कचेरीत त्यावर बरीच करमणूक झाली. एकाने सांगितलं की नवस बोललेला असणार. दुसरा म्हणाला, दर्ग्यावर बांधतात तसा असेल. मला मात्र ते दोरे फाइलीत बसेनात. पानं पंच करताना मध्ये येत होते. मी कात्री घेतली, चारही दोरे कापले आणि केराच्या टोपलीत टाकले. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं.

समितीने अर्ज वाचला आणि दोन गोष्टी तिच्या नजरेस आल्या. अर्जात बारा पेट्या म्हटल्या होत्या, सोबतच्या फोटोत सातच दिसत होत्या. मुलं चाळीस म्हटली होती, हजेरीच्या पानावर वीस-बावीसच्या वर आकडा जात नव्हता. समितीने शेरा मारला, "माहिती दडवल्याचा संशय. प्रत्यक्ष पाहणी करून अर्ज निकाली काढावा." निकाली काढावा याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. मी फाइल बंद करायला निघालो होतो.

बुधवार

कल्याणहून एसटीने भिवंडी स्टँडवर उतरलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. दिवाळीला तीन आठवडे होते. काखेत फाइल धरून मी इकडे तिकडे बघत होतो, तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"पुनावाले साहेब ना?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"फाइल बघून. इथं कोणी कागद असा छातीशी धरत नाही."

हे याकूब चाचा. सगळी भिवंडी त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, खाडीच्या बाजूचं, पण भिवंडीत इतक्या पिढ्या गेल्या की ते स्वतःला इथलेच समजतात. चाळीसेक वर्षं त्यांनी जॉबर म्हणून काम केलं. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो नीट करणारा माणूस.

गल्लीत शिरलो आणि आवाज सुरू झाला. यंत्रमागाचा आवाज ऐकू येतो असं म्हणणं बरोबर नाही. तो आधी चपलेतून पायात येतो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, आत ओळीने लूम आणि दारादारात कापसाची धूळ. पुण्यात आमच्या गल्लीत कुणी दुपारी रेडिओ मोठा लावला तर शेजारी खिडकीत येतो. इथे बायका त्या खडखडाटात दारात बसून, एकमेकींच्या ओठांकडे बघत गप्पा मारत होत्या. हात चालूच होते. बहुतेक घरांत कांड्या भरायचं काम चाललं होतं. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ते काम बायका आणि मुली घरीच करतात.

चालता चालता चाचांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "साहेब, दोरे बघितले ना?"

मी जरा गडबडलो. कुणाच्या श्रद्धेचा विषय, कशाला दुखवा, असं वाटून मी म्हणालो, "हो हो, बघितले. छान बांधलेत."

चाचा थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. मग "छान," असं स्वतःशीच म्हणून पुढे चालू लागले.

वर्ग एका शेडच्या कोपऱ्यात होता. गोणपाट आणि फळ्या लावून तेवढा भाग वेगळा केलेला. पलीकडे लूम चालू, अलीकडे सतरंजीवर वीसेक मुलं, आणि त्यांच्यामध्ये भोईर बाई. चाळिशीच्या, साधी साडी, केसांत कापसाचे तंतू. त्या अंबाडीकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येतात. सकाळी शाळेत शिकवतात आणि दुपारी इथे.

मी मोठ्याने विचारलं, "एवढ्या आवाजात तुम्ही शिकवता कशा?"

बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "न्हाय शिकवत. म्हणून तर पेटी."

पेटी म्हणजे देवघरातल्या कपाटाएवढी लाकडी चौकट. पुढे बाईंच्या अक्षरातला प्रश्न आणि खाली चार भोकं, चार उत्तरांची. प्रश्नामागे एक जाड पुठ्ठ्याचा पत्ता असतो. नक्षीचं कापड विणणाऱ्या जकार्ड मागावर भोकं पाडलेले पत्ते लावतात, त्यांतलाच. मुलाने एक जाड सुई भोकात ढकलायची. उत्तर बरोबर असेल तर मागच्या पत्त्यालाही तिथे भोक असतं, सुई आरपार जाते, आतली खिट्टी सुटते आणि पुढचा प्रश्न खाली येतो. चुकलं तर सुई अडते. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही. मुलं कांड्या भरण्यातून अर्धा तास सुटली की येतात, पेटीपुढे बसतात, जिथे सोडलं होतं तिथून पुढे जातात.

मी पेट्या मोजल्या. सात. मुलं मोजली. एकवीस. वहीत दोन्ही आकडे लिहिले, आणि खरं सांगायचं तर मला थोडं समाधान वाटलं. चूक पकडल्याचं समाधान असतं, ते माझ्या पोटात तयारच असतं.

दुपारी चाचांच्या घरी जेवलो. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, कोलंबी आणि चिंचेचं सार. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना आवाज होतो, या भाकऱ्यांचा कुणाला पत्ताही लागत नाही, तोंडात विरघळतात. फाइल खाली ठेवायला मी तयार नव्हतो, म्हणून मांडीवरच घेऊन जेवलो, आणि व्हायचं तेच झालं. कोलंबीचा रस्सा अर्जाच्या दुसऱ्या पानावर सांडला. चाचांची बायको आतून ओलं फडकं घेऊन आली. डाग गेला नाही, पिवळा होऊन पसरला.

माझा मुक्काम गणेशपुरीला होता. आमच्या अध्यक्षांच्या ओळखीची खोली होती आणि नकाशात ती जवळ दिसत होती. नकाशात सगळंच जवळ दिसतं. संध्याकाळी वाडा गावाकडे जाणाऱ्या एसटीत भोईर बाई होत्याच. अंबाडीपर्यंत सोबत झाली.

"तुम्ही आमच्याच संस्थेकडे अर्ज केला की आणखी कुठे?" मी विचारलं.

बाई हसल्या. "आठ ठिकाणी केलाय. एका कचेरीत म्हणाले, यंत्र आहे ना, मग उद्योगवाल्यांकडे जा. उद्योगवाले म्हणाले, मुलं आहेत ना, मग शाळावाल्यांकडे जा. एकाने विचारलं, यात पडदा कुठाय? मी म्हटलं, पडदा न्हाय. तर म्हणाला, मग हे नवीन कसं? एक कारखानदार म्हणाले, पेट्यांवर माझं नाव रंगवा. आम्ही रंगवलं. मग त्यांचा विचार बदलला. आता पुसायला रंग लागेल."

"आणि आमच्याकडून नाही मिळालं तर?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालं होतं. "शेडवाल्या शेठने कोपरा फुकट दिलाय तो दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर तिथं नवे चार लूम बसणार. भाड्याने खोली बघून ठेवलीय, पैसे मिळाले तर घेऊ. न्हाय मिळाले तर पेट्या चाचांच्या माळ्यावर. आणि पोरी पूर्ण वेळ कांडीवर." एवढं बोलून त्या अंबाडीला उतरून गेल्या.

गुरुवार

सकाळी गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ केली. तिथे येणारे लोक आधी एक बोट बुडवून बघतात. मी पुण्याचा, मला घाई, मी सरळ पाय घातला. दिवसभर डावा पाय लाल होता आणि भिवंडीत शिरताना लंगडत होतो. चाचांनी कारण विचारलं, मी सांगितलं, ते इतके हसले की टोपी सरळ करावी लागली.

बाई शाळेत होत्या, वर्ग दुपारचा. चाचा म्हणाले, "चला, आमचा धंदा तर बघून जा. सिर्फ लूम बघून काय समजणार?"

त्यांनी मला कापड तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे एक तिरकं, काच बसवलेलं टेबल होतं, काचेखाली दिवा. विणून आलेला तागा त्या टेबलावरून सरकत होता आणि एक तपासनीस डोळे बारीक करून बघत होता. मध्येच त्याने हात उचलला. तागा थांबला. एका जागी दोनतीन धागे तुटून कापडात जाळी पडली होती. त्याने शेजारच्या रिळाचा लाल दोरा तोडला, जाळीच्या सरळ रेषेत कापडाच्या किनारीतून ओवला आणि गाठ मारली.

मी बघतच राहिलो.

"हे काय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"दोष, साहेब. तागा घडी केला की आतला दोष दिसत नाही. किनारीला दोरा दिसला की व्यापारी बरोबर तिथंच उलगडून बघतो. भाव थोडा पाडतो, पण माल घेतो. दोरा न बांधता दोष सापडला, तर अख्खा गठ्ठा वापस. और बदनामी अलग."

"आणि दोरा काढायचा कधी?"

"रफू करून दोष काढला की. ज्यानं काढला त्यानंच दोरा सोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही." मग चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काल म्हणालात, छान बांधलेत. मी रात्रभर विचार केला. बोलू नये, पण साहेब, दोष बघून छान कोण म्हणतं?"

पायाची आग मी विसरलो. चार पानं. पेट्या बारा असं लिहिलं होतं त्या ओळीला दोरा. मुलं चाळीस, त्या ओळीला दोरा. आणखी दोन. त्यांनी काहीच दडवलं नव्हतं. प्रत्येक कच्च्या जागी त्यांनी खूण करून दिली होती, इथे उलगडून बघा म्हणून. आणि हे अर्जात कुठे समजावून लिहिलं नव्हतं, कारण भिवंडीत हे शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. कापडाचा तागा पाठवतात तसा त्यांनी अर्ज पाठवला. तो पोचला कात्रीवाल्याकडे.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. खरं म्हणजे लाज वाटली आणि मी भित्रा आहे. "मोठी चांगली पद्धत आहे," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर आलो.

संध्याकाळी अंबाडी नाक्यावर गाडी बदलायला अर्धा तास होता. बाईंनी चहा पाजला. बाजार उठत होता, भाजीवाल्या टोपल्या आवरत होत्या. बाईंची एक चुलत सासू तिथेच सुकी मासळी विकत बसली होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाईंना विचारलं, "ह्यो पैसं देनार हाय का न्हाय?"

"त्यांच्या हातात न्हाय गं, आत्या. ते नुसतं बघायला आलंत."

"बघाया काय जातं," आत्या म्हणाली आणि बोंबलाच्या जुड्या बांधू लागली.

चहा पिताना बाई आपणहून बोलल्या. "साहेब, एक विचारू? त्या दोऱ्यांनी आमचं नुकसान तर न्हाय ना झालं? माझं आणि चाचांचं त्यावरून भांडण झालं होतं. मी म्हणत होते, चाचा, हा अर्ज आहे, कापड न्हाय. दोष दाखवले तर कोण देईल? आधीच आठ ठिकाणांहून नकार आलाय. चाचा म्हणाले, दोरा न लावता माल मी जन्मात पाठवला न्हाय. दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो. शेवटी मीच दाभण घेऊन भोकं पाडली."

मी चहाचा पेला खाली ठेवला. "नाही, नुकसान नाही," मी म्हणालो. दोन दिवसांतलं हे माझं दुसरं खोटं.

शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. स्टँडवर उतरलो तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, मग लक्षात आलं की पायाखालची जमीन हलत नाहीये. गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या. लोक मात्र सवयीने मोठ्यानेच बोलत होते.

शेडच्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मोजलं, एकेचाळीस मुलं. कांड्यांचं कामही शुक्रवारी बंद, म्हणून सगळी येतात. चाळीस हा आकडा शुक्रवारचा होता. बाकी पाच पेट्याही बाहेर काढून ठेवल्या होत्या. लाकूडकाम पुरं, आतली खिट्टी बसायची राहिलेली, सामानाला पैसे नव्हते म्हणून. पेट्या बाराच होत्या, चालणाऱ्या सात.

लक्ष्मी नावाच्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीने माझा ताबा घेतला. तिच्या घरी तेलुगू बोलतात, आई कांड्या भरते, बाप लूम चालवतो. तिने मला पेटीपुढे बसवलं आणि म्हणाली, "तुमी करा."

प्रश्न अपूर्णांकाचा होता. मी मनातल्या मनात हसलो, सुई उचलली आणि दुसऱ्या भोकात घातली. अडली. मला वाटलं सुई वाकडी असेल, म्हणून जोर केला.

"जोर नका लावू," लक्ष्मी म्हणाली. "जोर लावला तर पत्ता फाटतो. सुई काढा आणि इचार करा."

मी सुई काढली आणि विचार केला. उत्तर तिसऱ्या भोकाचं होतं. माझ्या मागे सातआठ मुलं जमली होती, पण एकही हसलं नाही. मला आमच्या शाळेतले गुरुजी आठवले, आणि फळ्यापुढे उभं राहून पाठीवर झेललेलं ते हसू. इथे तसं कुणी करत नाही. या पेटीने त्यांना ती सवय लागूच दिली नव्हती.

मग लक्ष्मीने एक पत्ता पेटीतून काढून उजेडाकडे धरला. भोकातून ऊन तिच्या गालावर पडलं. "असं बघितलं की उत्तर दिसतं. बाप कापड बघतो तसं. समदी पोरं बघतात."

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तिसरा दोरा त्याचाच होता ना, साहेब. मूल एकट्याने शिकतं असं लिहिलंय, पण चोरून उत्तरही बघतं. काळा कागद लावून बघितला, नखाने काढतात."

"तू पण बघतेस?" मी लक्ष्मीला विचारलं.

"आधी बघायची. पन उत्तर दिसतं, ते कसं आलं ते न्हाय दिसत. मंग पुढच्या पत्त्याला अडतंच." एवढं सांगून ती दुसऱ्या मुलीला जागा द्यायला सरकली.

मला आता थांबणं शक्य नव्हतं. मुलं पांगल्यावर मी दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. कात्री, टोपली, समितीचा शेरा. "माहिती दडवल्याचा संशय" हे शब्द मी तसेच वाचून दाखवले. चौथा दोरा जागेच्या ओळीला असणार, दिवाळीपर्यंतच्या, हेही आता कळत होतं.

बाई एकदम उभ्या राहिल्या. माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं, पण त्या चाचांवर कडाडल्या. "मी सांगत होते ना तुम्हाला? सांगत होते का न्हाय? खरं सांगून आपण लबाड ठरलो. गप बसलो असतो तरी एवढंच झालं असतं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्या गोणपाटाच्या पडद्याआड गेल्या. त्या वेळी माझी मलाच मनापासून लाज वाटली. माझ्या फाइलीच्या शिस्तीपायी एका बाईच्या आठ ठिकाणच्या वणवणीवर लबाडीचा शिक्का बसला होता.

लबाड हा शब्द चाचांना किती लागला ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं, पत्त्यांची चळत उगाच सरळ करत होते. मग म्हणाले, "कैंची लागते, साहेब. आमच्यात पण लागते. तागा उलगडताना लागली तर ज्याच्या हातात कैंची होती त्यानं तिथं दोरा बांधायचा. मग कोणी काही म्हणत नाही."

त्यांनी खिशातून लाल दोऱ्याचं छोटं रीळ काढून माझ्या हातात दिलं.

निघताना लक्ष्मी गल्लीच्या तोंडापर्यंत आली. "परत येनार?" तिने विचारलं.

"येणार," मी म्हणालो. "अपूर्णांक पुरे करायचेत."

पुणे

मी अहवाल लिहिला. अर्जाच्या चारही पानांना पुन्हा लाल दोरे बांधले, जुन्याच भोकांतून. रश्श्याच्या डागालाही एक बांधला. मग माझ्या अहवालात लिहिलं, "अर्जदारांनी दोषांच्या जागी केलेल्या खुणा मी न समजून कापून टाकल्या. माहिती अर्जदारांनी दडवलेली नाही, ती माझ्या हातून नाहीशी झाली." त्या ओळीलाही दोरा बांधला. दाभणाने कागदाला भोक पाडताना बोटाला टोचलं, ते ठीकच झालं.

समितीपुढे मी अर्ज आणि अहवाल ठेवले. मग एकाने विचारलं की यात नवीन तंत्र काय आहे. मी म्हणालो की मी पदवीधर आहे आणि माझी सुई अडली. दुसरे म्हणाले, पण दोष तर खरेच आहेत. मी म्हणालो, हो, आणि ते आपल्याला फुकट सांगितले गेले. आपल्याकडे संगणकाचे इतके अर्ज आहेत, त्यांतल्या एकाने तरी सांगितलं का की वीज नाही? माझ्या नोकरीत मी समितीपुढे इतकं कधी बोललो नव्हतो. अध्यक्ष अर्जाच्या कडेवरून बोट फिरवत होते. प्रत्येक दोऱ्याशी थांबून ती ती ओळ वाचत होते. शेवटी त्यांनी फक्त विचारलं, "दिवाळी कधी आहे?"

मागितलं होतं तेवढं मिळालं नाही. वर्षभराचं खोलीभाडं आणि पाच पेट्यांच्या खिट्ट्या, एवढं मंजूर झालं. पत्र दिवाळीच्या आधी पोचावं म्हणून मी स्वतः पोस्टात जाऊन टाकलं.

मागच्या आठवड्यात त्यांचा पहिला सहामाही अहवाल आला. तेच वळणदार अक्षर, तसेच फुलस्केप कागद. नवी खोली मिळाली. बाराही पेट्या चालतात, त्या ओळीला दोरा नाही. शुक्रवारी पन्नास मुलं येतात, त्या ओळीला दोरा नाही. मुलं अजून पत्ते उजेडाकडे धरतात, तिथे दोरा आहे. लक्ष्मी आता लहान मुलांना बसवते असं लिहिलं होतं, तिथे काही नव्हतं. मी खुशीत पान उलटलं.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. "पाहणी अधिकारी साहेबांनी पुन्हा भेट देण्याचे कबूल केले आहे."

तिच्या सरळ रेषेत, कागदाच्या कडेला, लाल दोरा बांधलेला होता. गाठ चाचांची नव्हती, त्यांची मी ओळखतो. ही जरा मोठी, लहान हाताने दोनदा मारलेली होती.

पान फाइलीत बसत नाही. मी ते तसंच टेबलावर ठेवलं आहे, आणि शुक्रवारची रजा टाकली आहे.